दुसऱ्याच्या घरचा जाच

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. नाव माझं जाच. अंगावर वळ उठो न उठो, रोज थोडं थोडं छळून माणसाला जगणं नकोसं करतात ना, तो मी.

माझा जन्म कुठला, ठाऊक नाही. पण मला पोसलं बायकांनी. केस विंचरताना त्या मला हळूच एकमेकींच्या कानात सोडत. माझं नशीब मात्र खोटं. लोकांना मी दिसतो तो दुसऱ्याच्या घरात. स्वतःच्या घरात दिसलो, की माझं नाव शिस्त ठेवतात.

एका लाँड्रीत माझे भारी लाड होते. मालकीणबाई इस्त्री फिरवता फिरवता गावभरच्या सुनांचा जाच चघळायची. हाताला मात्र तोड नव्हती. "डागानं माझ्यासमोर टिकून दाखवावं," म्हणायची.

लेकीच्या सासरचं गाठोडंही तिच्याकडेच यायचं. एकदा लेकीच्या ब्लाउजच्या बाहीवर रक्त दिसलं. बाईनं गार पाण्यात मीठ घालून ते बेमालूम काढलं. मग पाठीवर चहा. पाठीवर चहा कोण सांडून घेतं? बाईनं विचारलं नाही. तोही काढला.

शेवटी लेक स्वतः आली. दारातच म्हणाली, "आई, मला तिथे जाच होतो गं."

"हळू बोल. गिऱ्हाईक ऐकेल."

"माझे कपडे पाहतेस ना तू?"

"पाहते की! राहिला का एक तरी डाग?"

"मला धुता येत नव्हते होय? तुला दिसावेत म्हणून तसेच पाठवले."

बाईनं पुढचा सदरा इस्त्रीखाली ओढला. मग म्हणाली, "जाच परक्यांकडे असतो. आपल्यात त्याला सांभाळून घेणं म्हणतात. जा, स्वयंपाक खोळंबला असेल."

लेक गेली. मी उंबऱ्यावर पडून राहिलो.

पुढच्या गाठोड्यात सगळ्यांचे कपडे होते, तिचे नव्हते. घेऊन आलेला दीर म्हणाला, "वहिनी घर सोडून गेली. कुठे, ते तुम्हालाच माहीत."

बाईला माहीत नव्हतं. आईचं दार लेक आधीच पाहून गेली होती.

आता बाई गिऱ्हाइकांना धरून धरून सांगते, "माझ्या पोरीला फार जाच होता हो!" लोक चुकचुकतात, कपडे मोजून घेतात, निघून जातात. डाग काय, बाई अजूनही झकास काढते.

मित्रांनो, मला वाक्यात घालून मार्क मिळवाल, मिळवा. पण कोणी दारात उभं राहून माझं नाव घेतलं, तर आधी तिला आत घ्या. अर्थ मागाहून विचारा.