मांडीवरचे प्रवासी

लोतोमाउची बस म्हणजे तसं बघायला गेलं तर एक लाकडी खोकं, पण थाट केवढा! पिवळा-निळा रंग, कपाळावर ‘मनुसिना’ असं पांढऱ्या समुद्रपाखराचं नाव, आणि मागच्या दाराला टेकवलेला एवढा मोठा स्पीकर, की बस वळणावर दिसायच्या आधीच मातासोआ गावाला ऐकू यायची. स्पीकरमुळे मागचं दार उघडत नव्हतं. एकोणीस वर्षांत ते उघडायची कुणाला गरजही पडली नव्हती.

ती पडली एपेनेसाला. ही लोतोमाउची थोरली बहीण. जिल्ह्याच्या इस्पितळात छत्तीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाली तरी आवाजातली वॉर्डातली जरब काही गेली नव्हती. बेटाच्या राजधानीत, आपियाला, आपत्तीच्या तयारीचं तीन दिवसांचं शिबिर करून ती परतली, ती थेट बसपाशी गेली आणि मागचं दार बाहेरून ओढून पाहिलं.

“लोतो, हे का उघडत नाही?”

“उघडतं की. स्पीकर काढला की उघडतं.”

“आणि समुद्र आला तर त्याला सांगणार, थांब बाबा, स्पीकर काढतो?”

“ताई, स्पीकर हलवला तर लोक दुसऱ्या बसने जातील.”

“दुसरी बस आहे कुठे या गावाला?”

लोतोमाउने पाना उचलला. थोरल्या बहिणीचा शब्द मोडणारा भाऊ मातासोआत अजून जन्माला यायचा होता. स्पीकर त्याच्या सीटच्या मागे आला आणि त्या दिवसापासून त्याचे कान संध्याकाळपर्यंत वाजत राहू लागले.

एपेनेसा तेवढ्यावर थांबली नाही. शनिवारी बाजाराला निघालेली बस तिने नारळाच्या वाडीपाशी थांबवायला लावली. “तीन हॉर्न वाजले की सगळ्यांनी उतरायचं. दोन्ही दारांनी. सामान आतच सोडून.”

तीन हॉर्न वाजले. बस रिकामी व्हायला अकरा मिनिटं लागली.

मागच्या दारात गावातली वाएसिना अडकली होती. दोन वर्षं खपून विणलेली चटई ती आडवी धरून उतरू पाहत होती आणि सोडायला काही तयार नव्हती. पण खरा घोळ पुढे होता. पहिल्या बाकावर तुईफाओ बसायचे. गावातले सगळ्यांत वडीलधारे माताई, म्हणजे कुळाचे प्रमुख, वय चौऱ्याऐंशी, हातात काठी. ते एकेक पायरी निरखत उतरत होते आणि मागे वीसेक माणसं शिस्तीत उभी. त्यांना ओलांडून पुढे जायची कुणाची छाती होणार? उलट सगळे म्हणत होते, “सावकाश, आजोबा, सावकाश.”

लोतोमाउला हसू आवरेना.

“हस,” एपेनेसा घड्याळावरची नजर न हलवता म्हणाली. “पाणी आलं असतं तर यातला तू तेवढा वाचला असतास. ड्रायव्हरचं दार वेगळं असतं.”

त्याचं हसू तिथेच विरलं.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर ती नारळाच्या दुधातले पानीपोपो पाव घेऊन तुईफाओंच्या घरी गेली. लोतोमाउ मागे मांडी घालून, मान खाली घालून बसला. आपल्या बहिणीला भीती कशी ती ठाऊकच नाही, हे त्याला माहीत होतं, तरी ती बोलली तेव्हा त्याला घाम फुटला.

“आजोबा, तुमचा मान राखता राखता सगळी बस बुडेल.”

तुईफाओंनी काठी बाजूला ठेवली. “म्हणजे मी बसने येऊ नको?”

“या ना. फक्त दोघांनी तुम्हाला उचलून न्यायचं.”

“पोत्यासारखं?”

“छे छे,” लोतोमाउ घाईघाईने म्हणाला, “मेजवानीच्या डुकरासारखं! त्याला कसं सगळे मानाने...”

एपेनेसाने डोळे मिटून घेतले. आणि मग तुईफाओ हसू लागले, इतके की त्यांना कवळी हाताने धरावी लागली. पुढच्या रविवारी त्यांनी साऱ्या गावासमोर उभं राहून सांगितलं, “तीन हॉर्न वाजले की माझा मान बाकावर ठेवून उतरायचं.”

मग एपेनेसाने दुसरा नियम घातला. गर्दीच्या वेळी निम्मी बस दुसऱ्या निम्म्या बसच्या मांडीवर बसलेली असते. “ज्याच्या मांडीवर बसलात त्याचा हात धरूनच खाली उतरायचं,” ती म्हणाली. “जोडीदार दिसला नाही तर ओरडायचं.” हे मात्र लोकांना मनापासून आवडलं. तिसऱ्या महिन्यात बस दोन मिनिटांत रिकामी झाली.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, आपियाहून परतताना लोतोमाउला वाटलं टायर फुटला. पण ब्रेक दाबून बस थांबली तरी स्टिअरिंग हातात थरथरत राहिलं. रस्त्यावर धडाधड नारळ पडू लागले. कुणीतरी प्रार्थना सुरू केली. ती म्हणून संपली तरी जमीन थांबेना. थांबली तेव्हा पुढच्या वळणावर दरड कोसळलेली दिसली. डावीकडे समुद्र, उजवीकडे मळ्यांकडे चढणारी पायवाट.

त्याने हॉर्न तीनदा वाजवला.

“उचला रे!” तुईफाओंनी स्वतःच दोन्ही हात वर केले. वाएसिनाने चटईवरून एकदा हात फिरवला आणि ती बाकावर ठेवून मांडीवरच्या बाईचा हात धरला. एपेनेसा दोन-दोनच्या जोड्या पायवाटेने वर पाठवू लागली. बस बघता बघता रिकामी झाली.

लोतोमाउ मात्र उतरला नाही. मागे अर्ध्या मैलावर चढणीचा रस्ता होता. रिव्हर्समध्ये नेली तर बस वाचेल, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने गिअर टाकला. त्याच्यासाठी कुणी ओरडलं नाही, कारण ड्रायव्हरच्या मांडीवर कुणी बसत नाही.

बस दहा-वीस हात मागे गेली असेल, तोच पुढच्या दारातून धापा टाकत एपेनेसा आत चढली. ती आली आणि सहासष्ट वर्षांची ती बाई सरळ भावाच्या मांडीवर बसली. स्टिअरिंग दिसेनासं झालं.

“ताई, ऊठ! वेळ नाही!”

“मला ठाऊक आहे. आता मी तुझी जोडीदार. तू उतरलास तरच मी उतरणार.”

“अगं, ही बस म्हणजे माझं...”

“लोतो.” तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. “बाळा, ऊठ ना.”

त्याने इंजिन बंद केलं.

वाटेच्या दुसऱ्या वळणापर्यंत पोचले तेव्हा खाली समुद्र मागे सरून खडक उघडे पडले होते. मग पाणी आलं. भिंतीसारखं उसळून नाही; भरती यावी तसं आलं आणि थांबलंच नाही. मनुसिना उचलली गेली, गिरकी घेऊन नारळांच्या बुंध्यांमध्ये आडवी झाली. लोतोमाउ मटकन खाली बसला. एपेनेसा त्याच्या शेजारी बसली आणि त्याची पाठ चोळत राहिली. बस दुसरी मिळेल, असलं काही ती बोलली नाही. वर सगळे एकमेकांची नावं घेत होते. त्रेचाळीस माणसं होती, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सापडली.

बस गावाने दोरांनी ओढून काढली. इंजिन दुरुस्तीसाठी आपियात सात आठवडे पडून होतं, आणि रंग नव्याने द्यावा लागला.

आता महिन्यातून एकदा दोघं शेजारच्या एखाद्या गावाला जातात. एपेनेसा तिथल्या प्रवाशांना रांगेत उभं करून दरडावत असते, तेव्हा लोतोमाउ तिथल्या ड्रायव्हरला झाडाखाली बाजूला घेतो. जे बहिणीच्या शिबिरात कुणी शिकवलं नाही, ते तो त्याला सांगतो. “बस सोडून निघताना पोटात तुटतं बघ. दोन दिवस घास उतरत नाही. मग उतरतो. पण तू निघ.”