वडिलांच्या नावाचा रकाना

इराणातल्या रावर गावच्या गल्लीत सरकारी मोटार शिरली, तशी मालक उस्ताद नेमतुल्लांची बायको मासूमे धावतच गालिच्यांच्या कारखान्यात आली.

"पोरींनो, कामगार खात्याची बाई आलीय! बापाचं नाव विचारलं की सगळ्यांनी एकच सांगायचं, नेमतुल्ला. घरच्या मुली विणत असतील तर कायदा आत येत नाही. परक्या पोरी सापडल्या तर कुलूप लागेल, कळलं?"

मागावर सात जणी होत्या. त्यांतली गुलाबतून सर्वांत नवी, तेरा वर्षांची. तिचे वडील खाणीत दरड कोसळून गेले, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. तिच्या बोटांतला धागा सुटला.

"घाबरतेस काय?" शेजारची सनोबर कुजबुजली. "नाव तर घ्यायचंय. जीभ झिजणार नाही तुझी."

"आणि चुकले तर?"

"तर आपल्या दोघींच्या आया मिळून आपल्याला सोलून काढतील."

डोक्यावरचा काळा चादोर सावरत कामगार खात्याच्या सालारीबाई आत आल्या. उस्तादांनी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"सातही मुलीच दिल्या देवानं," उस्ताद हसून म्हणाले. "नशीब आपलं!"

"यांचे जन्मदाखले?"

"दुरुस्तीला केरमानला दिलेत, बाई."

सालारीबाईंनी स्टूल ओढलं, वही उघडली आणि एकेकीला विचारायला सुरुवात केली. गुलाबतूनच्या कानांत नुसतं घुमत होतं. अजून तीन जणी. अजून दोन. सनोबरनं तर कांद्याचा भाव सांगावा तसं नाव सांगून टाकलं.

"बाळ, तुझ्या वडिलांचं नाव?"

दारात मासूमे जपमाळ ओढत उभी होती. तिची नजर गुलाबतूनवरून हलत नव्हती.

"नेमतुल्ला," गुलाबतून म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

पेन चाललं. चार इयत्ता शिकलेल्या गुलाबतूनला रकान्यातलं ते नाव उलट्या बाजूनंही वाचता आलं. शाई अजून ओली होती.

बाईंना खोटं कळत होतं, पण हाती पुरावा नव्हता. त्यांनी वही मिटली. "घरचंच काम म्हणता, मग माझे हात बांधलेले," म्हणत त्या उठल्या. उस्तादांनी सुटकेचा श्वास सोडला.

"बाई, खोडा ते," गुलाबतून म्हणाली.

"काय खोडू?"

"माझ्या बाबांचं नाव अयाज. ते आता नाहीत. पण लिहायचं तर त्यांचंच लिहा."

"पोरीला ताप आहे, काहीही बरळते!" उस्ताद ओरडले.

सालारीबाई पुन्हा स्टुलावर बसल्या. "सनोबर, आता तू खरं सांग." सनोबर मागाकडे तोंड करून रडू लागली. मग एकेक बाप बाहेर आला, सातच्या सात वेगळे.

दुपारी कारखान्याला कुलूप लागलं आणि उस्तादांवर खटला भरला गेला.

"तुझे बाबा गेले," परतताना सनोबर म्हणाली. "माझे घरात बसलेत. ते विचारतील तेव्हा ये तूच उत्तर द्यायला."

घरी आई रोट्या लाटत होती. सगळं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "आता खायचं काय, तेही त्या बाईलाच विचारायचंस." ती पुन्हा रोटी लाटू लागली. मग खाली मान घालूनच तिनं विचारलं, "सगळ्यांसमोर घेतलंस त्यांचं नाव?"

"हो."

आईनं पुढची रोटी तिच्या ताटात टाकली.

आठवड्यानं सालारीबाई शाळेचे अर्ज घेऊन आल्या, विधवांना मिळणाऱ्या मदतीचा कागदही आणला. गुलाबतूननं अंगठा न देता सही केली. सनोबरचा अर्ज घेऊन ती स्वतःच तिच्या घरी गेली.

दार सनोबरच्या धाकट्या बहिणीनं उघडलं. "ताई नाहीये. मामाच्या गावाला गेलीय."

"कशाला?"

"तिकडेही माग आहेत ना," बहीण म्हणाली.

गुलाबतून तिथून धावतच निघाली. सालारीबाईंची मोटार अजून गल्लीत असेल का, एवढंच तिच्या डोक्यात होतं.