सीझरच्या कोपऱ्यावरचा दगड

मी दगड आहे, एवढं खात्रीने सांगतो. त्यापुढचं सांगताना माझाच गोंधळ उडतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

न्यू जर्सीवर इंग्रजांच्या राजाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. एका मोजणीदाराने मला टेकडीवरून आणलं, डोक्यावर छिन्नीने फुली मारली आणि दोन शेतांच्या मध्ये गाडलं. "इथून तुझं, तिथून त्याचं," असं तो दोघा शेतकऱ्यांना म्हणाला. मी दोन्हीकडे पाहिलं. गवत तर सारखंच होतं. जमीन जागची हलत नाही, माणसंच येतात आणि जातात, तरी जमीन माझी म्हणतात. हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

माझ्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, सीझर नावाचा एक काळा माणूस राहायचा. आधी गुलाम होता, मग सुटला. झोपडी त्याने बांधली, चूल त्याने मांडली, पोरं तिथेच वाढवली. पण जमीन काही त्याच्या नावावर नव्हती. संध्याकाळी माझ्याजवळ बसून तो बूट काढायचा आणि पाय चोळायचा.

मग तो गेला. झोपडी पडली, शेतं गेली, घरं आली. थंडीत इथली जमीन फुगते आणि आम्हा दगडांना वर ढकलते. तसा दर हिवाळ्यात थोडा थोडा वर सरकत एके वर्षी मी चक्क आडवा झालो. आडवा पडलेला हद्दीचा दगड हद्दीचाच राहतो की नुसता दगड होतो, हे कोणाला विचारावं?

या गावाला आता पार्सिपनी म्हणतात. ज्या परसात मी पडलो होतो ते बुद्धभूषणचं. तो कॉम्प्युटरवर काम करतो. सकाळी गाडी काढून जातो तो दिवेलागणीला येतो. १९९६ च्या वसंतात त्याची आई जाईबाई वर्ध्याकडच्या गावाहून इथे राहायला आली. मिक्सरमधली चटणी तिला काही पटेना. परसात हिंडताना मी तिच्या नजरेस पडलो. मुलगा ऑफिसात असताना तिने मला लोळवत लोळवत मागच्या दारापाशी आणलं, घासून धुतलं आणि माझ्यावर मिरची-लसूण ठेचला. मी जिथून उठलो, तिथल्या मऊ खड्ड्यात तिने कोथिंबीर पेरली.

सीझरनंतर माझ्याजवळ कोणी बसलं नव्हतं. ही बसायची, ठेचता ठेचता गावाकडच्या माणसांशी एकटीच बोलायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

ऑगस्टमधल्या एका शनिवारी लोरेटाबाई आल्या. नुअर्कच्या निवृत्त शिक्षिका, हातात काठी, काखेत फाइल. सीझर त्यांच्या पणजोबांचाही कोणी पूर्वज. काउंटीच्या दप्तरखान्यात त्या कित्येक महिने जुनी खरेदीखतं चाळत होत्या. सीझरच्या नावाचा एकही कागद नव्हता. शेजारच्या शेताच्या खरेदीखतात तेवढी एक ओळ सापडली: हद्द सुरू होते ती सीझरच्या कोपऱ्यावरच्या, डोक्याला फुली असलेल्या दगडापासून, तिथून दक्षिणेला ओढ्यापर्यंत, त्याच्या झोपडीच्या दारावरून.

त्या ओळीच्या मागाने घरोघरी विचारत त्या या परसापर्यंत पोचल्या होत्या. मला पाहताच त्या गुडघ्यांवर बसल्या. फुलीवरून बोट फिरवलं. मग ते बोट हुंगलं आणि गोंधळून बुद्धभूषणकडे पाहिलं. लसणाचा वास खतात कुठे लिहिलेला नव्हता.

"हा दगड इथेच होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो, आय थिंक सो," तो म्हणाला. घर घेतल्यापासून त्याने परसात नीट लक्ष दिलं होतं कुठे!

होकायंत्र लावून, टेप धरून दोघांनी माझ्यापासून दक्षिणेला खतात दिलेलं अंतर मोजलं. रेघ स्वयंपाकघरातून गेली आणि शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या दारात संपली. ओढा अजून लांबच. पुन्हा मोजलं, पुन्हा गॅरेज. लोरेटाबाई पायरीवर बसल्या. "हा तो दगड नसेलच," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडे त्याची एवढी एकच खूण होती."

आता मलाही शंका यायला लागली. फुली तर माझ्याच डोक्यावर होती. मग मी तो नाही, तर कोण?

"काय म्हणते रे ते बाई?" जाईबाईने दारातून विचारलं.

"आई, त्या त्यांच्या पूर्वजाचं घर शोधतायत. हा हद्दीचा दगड आहे म्हणे, पण मेजरमेंट मॅच होत नाहीये."

जाईबाईने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"शिवेचा गोटा व्हय हा? मीच आणला ना रे तिकडून." ती पायरी उतरली. "माहा सासरा गावची शीव दाखवाचा. दोन गावांत भांडण लागलं का त्याइलेच बोलवत. जमीन लोकाइची, शीव राखाची आपण. अन् त्याइच्याच सुनेनं शिवेचा गोटा चटणी वाटाले आणला." तिने लोरेटाबाईंचा हात धरला आणि त्यांना थेट कोथिंबिरीपाशी नेलं.

बुद्धभूषणने ते सगळं इंग्रजीत सांगितलं, सासऱ्यांच्या कामासकट. लोरेटाबाई ऐकत होत्या. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.

मला पुन्हा खड्ड्यात उभं केलं. या खेपेला रेघ घराच्या बाजूने गेली आणि नेमकी ओढ्यापाशी उतरली. तिथे काहीच नव्हतं, नेच्याची झुडपं आणि थोडी सपाट जागा. लोरेटाबाई तिथे खाली बसल्या, शेजारी जाईबाई. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. दोघीही रडल्या. कोण कोणासाठी रडत होतं, ते मला कळलं नाही.

जाईबाई परत गेली. माझ्यात मुरलेला लसूण पावसाने धुऊन नेला. त्याची मात्र मला चुटपुट लागते. कोथिंबीर वाळून बी पडलं होतं, ती माझ्याभोवती आपोआप उगवली आहे.

उद्या हे घर दुसऱ्या कोणी घेतलं, तर एवढं करा. माझ्याजवळ बसा, हवं तर माझ्यावर लसूण ठेचा, पण मला इथून हलवू नका. सीझरच्या नावाचा एकही कागद नाही. त्याचं घर माझ्यापासूनच मोजावं लागतं.