फुलीच्या अक्षराच्या मुली

पाउला मेलबर्नहून येणार हे कळल्यापासून ग्रेत्सियाचं लेस विणण्यात लक्ष लागेना. विणायच्या उशीवरची लाकडी रिळं हातातल्या हातात गुंतत, विणलेलं पुन्हा उसवावं लागे. पाउला शिबेरास, लिबराता शेरी आणि ती स्वतः, ग्रेत्सिया शिरीहा, या तिघी बेटावरच्या शारा गावच्या मुलींच्या शाळेत एकाच बाकावर वाढलेल्या. मैत्री होती म्हणून नव्हे. बाई आडनावांच्या क्रमाने बसवत, आणि या तिघींच्या आडनावाचं पहिलं अक्षर म्हणजे फुली, इंग्रजीतल्या एक्ससारखी. लिहायची फुली, म्हणायचं 'श'. मुळाक्षरांत ते पार शेपटाला, त्यामुळे तिघींचा बाकही शेवटचा. मागे फक्त एक झामित, भिंतीला टेकून.

वर्गात आत्तार, वेल्ला, कामिल्लेरी यांची नुसती गर्दी. मारीया वेल्ला म्हणून हाक मारली तर चौघी उभ्या राहायच्या, मग त्यांना घराण्याच्या टोपणनावाने ओळखावं लागे: बोकडवाल्यांची मारीया, घंटावाल्यांची मारीया. शिरीहा म्हटलं की मात्र पुढे काही सांगावं लागत नसे. अख्ख्या गावात ते एकच घर. मुली चिडवायच्या, "गणित चुकलं की बाई फुली मारतात, आणि तुम्ही जन्मालाच फुली घेऊन आलात." टोचायला नर्स आली की या तिघी बाकीच्यांचं रडणं ऐकून ऐकून आपली पाळी येईपर्यंत अर्ध्या झालेल्या असत. पण पाढे विचारत बाई त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत घंटा व्हायची, आणि खिडकी त्यांचीच होती. खिडकीतून खाली रामला किनाऱ्याची लाल वाळू आणि समुद्र दिसे. लिबराता तिथे बसून खारवलेल्या भोपळ्याच्या बिया फोडायची आणि सालं पाउलाच्या खिशात सारायची.

पुढे पाउलाचे आईवडील तिला घेऊन ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसले. लिबराता लग्न होऊन कामिल्लेरी झाली. ग्रेत्सियाने बेकरीवाल्या जुझे आत्तारशी लग्न केलं आणि एका दिवसात शेपटाची डोक्यावर गेली. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे तिचं नाव आधी पुकारलं जाई. जुझे म्हणे, माझ्यामुळे तुझं आयुष्य रांगेत जायचं वाचलं. माणूस चांगला होता. तो जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

पाउला आली ती सप्टेंबरच्या सणाला. केस आखूड कापलेले, पायांत खेळाडूंचे असतात तसे बूट, पण तोंड उघडलं आणि ग्रेत्सियाला आपली आजी बोलल्यासारखं वाटलं. गावाने कधीच टाकून दिलेले शब्द पाउलाने तिकडे जसेच्या तसे जपले होते. दाराबाहेर रस्त्यावर खुर्च्या मांडून तिघी बसल्या, हातात काचेच्या पेल्यात चहा, मध्ये बशीत मिरी लावलेलं शेळीचं चीज. बँड लांब चौकात वाजत होता.

पाउला सांगत होती की तिकडे बिस्किटांच्या कारखान्यात लागली तेव्हा मुकादमाला तिचं आडनाव काही केल्या म्हणता येईना. कधी झिबेरास, कधी एक्सीबेरास. शेवटी तो म्हणाला, सोपं काहीतरी घे, इथे सगळेच घेतात. पाउला बधली नाही. पुढे एका आयरिश मेकॅनिकशी लग्न केलं, तेही त्याचं आडनाव न लावण्याच्या अटीवर.

"आणि तुम्ही?" तिने चहाचा पेला खाली ठेवला. "तिकडे कुणाला धड म्हणता येत नव्हतं तरी मी सोडलं नाही. इथे शेंबडं पोरही नीट म्हणतं, आणि तुम्ही दोघी सोडून मोकळ्या झालात?"

लिबराता खो खो हसली. "मला कुणी विचारलं होतं का गं? पाद्रीबाबांनी लिहिलं, मी झाले कामिल्लेरी. माझा नवरा तरी कुठे विचारून आला होता?"

ग्रेत्सिया हसली नाही. तिच्या वडिलांना सगळ्या मुलीच होत्या. काकाची मुलं कॅनडाला गेली ती गेलीच. गावात आता कुणाच्याच तोंडी ते नाव यायचं कारण उरलं नव्हतं, आणि हे तिला कुणीतरी बोलून दाखवेपर्यंत कळलंही नव्हतं.

पाउला परत गेली. ऑक्टोबरात एका सकाळी ग्रेत्सिया लिबराताला घेऊन बसने राबातला, सरकारी कचेरीत गेली. विधवेला माहेरचं आडनाव परत घेता येतं हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं. टेबलामागच्या मुलीने सहज विचारलं, आत्ता या वयात कशासाठी? ग्रेत्सिया म्हणाली, "माझं आहे म्हणून."

मुलगा आंजलू भडकला. बापाची बेकरी तोच चालवत होता. लोक दुकानात येऊन विचारायला लागले होते, आईचं आणि बाबांचं काही बिनसलं होतं का रे.

"बाबांचं नाव नकोसं झालं का तुला?" त्याने दारातच विचारलं, आत यायलाही तयार नव्हता.

"तुझ्या बाबांबरोबर मी जन्म काढला. त्याला नाव लागत नाही," ग्रेत्सिया म्हणाली. "थडग्यावर त्यांच्या शेजारी माझी जागा आहे ती आहेच. नाव तेवढं माझ्या बापाचं असू दे."

तो गेला. पुढचे कितीतरी रविवार जेवायला आला नाही. ग्रेत्सिया दर रविवारी दोघांपुरती, पिठाच्या पारीत भरलेली मॅकरोनी भाजायची आणि अर्धी लिबराताकडे पोचवायची. लिबराता म्हणायची, फोन कर त्याला, माफी मागितल्यासारखं कर. ग्रेत्सियाने केला नाही. रडू मात्र यायचं, विशेषतः भांडी घासताना.

नाताळच्या आधीच्या रविवारी आंजलू आला. हातात पाव, पीठ लागलेलं जॅकेट. आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. निम्मं जेवण झाल्यावर ताटाकडे बघत म्हणाला, "गिऱ्हाइकं विचारतात, शिरीहा म्हणजे काय. मला काहीच सांगता येत नाही."

ग्रेत्सियाने काटा खाली ठेवला. "तुझे आजोबा दगडाच्या खाणीत होते. आम्ही पोरी हेच विचारायचो, आणि ते दर वेळी नवीन सांगायचे. कधी म्हणायचे, सिसिलीहून एक चांभार वादळात सापडून इथे लागला, त्याचं नाव. कधी म्हणायचे, अरबांच्या वेळचं आहे, बादशहाच्या घोड्यांचा कोणीतरी. एकदा तर म्हणाले, आपल्या पणजोबाला शिंका फार यायच्या, त्यावरून पडलं."

"मग खरं काय?"

"कुणाला माहीत. आई चिडायची, पोरींना खोटं सांगता म्हणून. ते म्हणायचे, खरं कुणालाच ठाऊक नाही, मग चांगलं तरी सांगू दे."

आंजलू हसला, तोंडात घास होता तरी. मग त्याने आजोबांविषयी विचारायला सुरुवात केली: उंच होते का, आवाज कसा होता, खाण नेमकी कुठे होती. ग्रेत्सिया सांगत गेली. मधेच त्याने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "थोडं वाढ अजून."