चुकीचा ठोका

मित्रांनो, मी एका तुटलेल्या वल्ह्यापासून बनलेली जुनी छडी आहे. मी आजवर कुणालाही मारलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

मला लुबर्ट मास्तरांनी स्वतः तासलं. आमच्या डच भाषेतले लांब शब्द मालगाडीसारखे, डब्याला डबा जोडलेले. मास्तर माझ्या टोकाने टेबलावर शब्दाचे तुकडे पाडत. साध्या तुकड्याला हलका ठोका, जोर असेल तिथे ठणठणीत. विमा कचेरीचा एक शब्द दहा ठोक्यांचा होता; सातव्यालाच अर्ध्या वर्गाचा श्वास संपायचा. एकतीस वर्षं माझा मान होता. मास्तर निवृत्त झाले आणि मी दारामागे, छत्र्यांत जाऊन पडले.

मग एका हिवाळ्यात मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. "ठोक्यांच्या तालावर बोलतं करून पाहा. त्यांनी प्रयत्नच सोडला, तर वाचा परत यायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांची मुलगी हान्नेके मला घेऊन रोज टेबल बडवू लागली. मास्तर खिडकीबाहेर बघत बसत. या वयात विद्यार्थी होणं त्यांना मंजूर नव्हतं.

त्यांच्या वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडल्या. आलेल्या प्रत्येकाने रिवाजाप्रमाणे मास्तरांबरोबर हान्नेकेचंही अभिनंदन केलं. केक आला.

"बाबा, वाढदिवसाचा केक. म्हणा, फर-यार-दाख्स-तार्त." दुसरा ठोका तिने जोरात दिला.

मास्तरांनी मान खिडकीकडे वळवली.

"पोपट आहेत का गं ते? वाढ की केक!" शेजारच्या खेसिनामावशी करवादल्या.

हान्नेकेने मुद्दाम पहिलाच ठोका दणकन हाणला. मास्तरांचे कान लाल झाले. मग तिने शेवटचा दणकावला.

"मास्तरांचीच मुलगी ना गं तू?" मावशींना राहवेना.

मास्तरांनी डाव्या हाताने मला हिसकावलं. हलका, ठण्ण, हलका, हलका.

"फर-यार-दाख्स-तार्त!" आणि वर, "गाढव!"

मावशी हातातली बशी सावरत रडू लागल्या.

"पुन्हा म्हणा, बाबा," हान्नेके म्हणाली. "दोन्ही."

पुढे दोन वर्षं मास्तर बोलले. बहुतेक वेळ आमच्या चुका काढण्यासाठीच. आता ते नाहीत.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस तुमची चूक काढू लागलं, तर मध्येच तोडू नका. सगळ्या चुका काढून होऊ द्या. नंतर घर फार बिनचूक होऊन जातं.