काकडी नाही

"गढूळ झालंय म्हणजे मुरलंय! चाळीस वर्षं खारवतेय मी, मला नको शिकवूस!"

"आई, ते काकडीचं पाणी नव्हतं! नव्हतं, नव्हतं, नव्हतं!"

"मग डब्यावर तसं लिहायचं होतंस ना, जावईबापू! मला काय स्वप्न पडतं?"

तळघरात चाललंय हे. पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत त्या गेनोवेफाबाई, घराच्या मालकीण. खाली आंबलेल्या बिअरची बाटली हातात धरून लालबुंद झालाय तो त्यांचा जावई, झेमोवित. आणि दोघांच्या मधोमध, लाथ खाऊन भिंतीला आपटलेला, तो मी. लाथ झेमोवितने घातली. माझा काय संबंध? विचारतंय का कुणी?

मी एक जुना मधाचा डबा आहे. पांढरा, पंधरा लिटरचा, घट्ट झाकणाचा, तारेच्या कडीचा. मित्रांनो, तुम्हाला वाटलं असेल, जुना डबा आहे, आता गोडगोड आठवणी सांगेल. नाही सांगणार. डोकं फिरलंय माझं.

जन्माचं लवकर उरकतो. कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, दाबलं, बाहेर फेकलं. त्या दिवशी माझ्यासारखे हजारभर निघाले, कौतुक एकाचंही झालं नाही. मग नदीपलीकडच्या एका मधमाश्यावाल्याकडे चार वर्षं काढली. लिंडन नावाच्या झाडाच्या फुलांचा मध, जड, पण ते ओझं सुखाचं. मुंग्या सोडल्या तर कुणाची कटकट नव्हती. म्हाताऱ्याच्याने पेट्या उचलवेनात तेव्हा त्याने मला झेमोवितला देऊन टाकलं.

झेमोवित शहरातला. बाईंच्या मुलीशी, याग्नाशी, लग्न करून या गावात आला आणि सासूच्या घरात राहिला. तीन वर्षं झाली, पण गाव त्याला अजून 'गेनोवेफाचा जावई' म्हणतं. नावाने कुणी हाक मारत नाही. तो घरी बिअर करतो, आणि त्या कामातली सगळ्यात जोखमीची जागा त्याने मला दिली.

बिअर करणं म्हणजे निम्मं धुणं असतं. पिंप, नळ्या, बाटल्या, सगळं आधी घासायचं, मग निर्जंतुक करायचं. एक आगंतुक जंतू आत राहिला की महिन्याची मेहनत आंबली. त्यासाठी एक आंबट औषध मिळतं. दहा लिटर पाण्यात तीन छोटे चमचे घातले की फेस उठतो, म्हणून घरात त्याला फेसपाणी म्हणतात. बाटली बुडवा, दोन मिनिटं थांबा, निथळा, बास. वर नळाखाली धरायची नाही. चिकटलेला फेस काही कुणाला चावत नाही.

आणि वापरलेलं फेसपाणी ओतून द्यायचं नाही. परत माझ्यात. झाकण ठोकायचं आणि अंधारात ठेवायचं. महिना, दीड महिना सहज चालतं. यात चिक्कूपणा कसला? कामाचं आहे तोवर वापरायचं, एवढंच. पण मग जपायला नको? त्याला पाणी लागतं दुकानातलं, शुद्ध केलेलं. आमच्या विहिरीचं पाणी इतकं जड की किटलीत चुन्याचे पापुद्रे निघतात, ते चालत नाही. बुडवायची वस्तू आधी लख्ख हवी. आणि दर वेळी कागदाची पट्टी बुडवून बघायची. लाल झाली तर आंबटपणा शाबूत. पिवळी राहिली तर खेळ खलास, ओता गटारात.

वर्षभर झेमोवितने हे नेमाने केलं. पट्टी लाल झाली की माझ्या झाकणावर थाप मारायचा. "शाबास, म्हातारबा." मी फुगायचो, खोटं कशाला बोलू. पण माझ्या पोटावर तो लिहायचा काय, तर तारीख. नुसती तारीख! आत काय आहे, कशासाठी आहे, एक अक्षर नाही. शहाणा!

आता माझा शेजार ऐका. त्याच फळीवर गेनोवेफाबाईंच्या काकड्यांच्या चौदा बरण्या. शेपू, लसूण, मीठ, पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी गढुळलं की बाई बरणी खिडकीशी धरून हसतात. "बघ, जीव आला." पाणी नितळ राहिलं तर नाक मुरडतात. या गावात जे गढूळ होतं ते चांगलंच असतं. काकडीचं पाणी घ्या, कोबीचं घ्या, नाहीतर सूपासाठी आंबवलेलं राय नावाच्या धान्याचं पीठ घ्या. गढूळ म्हणजे जिवंत. माझ्यात मात्र गढूळ म्हणजे मेलेलं. हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, झेमोवितला आणि मला. मला तोंड नाही. त्याला आहे, पण ते त्याने उघडलं नाही.

मार्चमध्ये ओल्गेर्द दारात आला. गावच्या बंबखान्याचा प्रमुख तो. आग विझवणाऱ्यांच्या तुकडीत घ्या म्हणून झेमोवित दोन वर्षं त्याच्या मागे होता, आणि दोन वर्षं उत्तर एकच, "बघू."

"मे महिन्यात, आम्हा बंबवाल्यांच्या संत फ्लोरियनच्या दिवशी, नवी गाडी येतेय," ओल्गेर्द म्हणाला. "पाद्री येणार, बँड येणार. साठ बाटल्या कर. शहरातल्या माणसाला आग विझवता येते का ते माहीत नाही, तहान विझवता येते का बघू. जमली तर तुकडीचं शिरस्त्राण तुझं."

झेमोवितचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. त्याने बिअर शिजवली, पिंपात घातली, आणि तीन आठवडे जिल्ह्याच्या गावी आग विझवायचं शिकायला गेला.

इकडे बाई बरणी न्यायला तळघरात उतरल्या आणि सहज माझं झाकण उघडलं. आत पाचेक लिटर उरलेलं. अंधारात तळ दिसेना, बाईंना वाटलं जावयानेही काकड्या घातल्यात.

"अगं बाई, उघडं पडलंय की! पोरगा गेला आणि याचं कुणी बघेना."

खारवणाचं पाणी कधी खाली जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. दोन कळश्या विहिरीचं पाणी आणून त्यांनी मला काठोकाठ भरलं. वर मूठभर मीठ टाकलं! आणि झाकण इतक्या मायेने लावलं की मला त्यांचा धड रागही करता येईना. दुसऱ्या दिवशी मी गढुळलो. बाईंनी पाहिलं आणि मान डोलावली. "मुरतंय."

झेमोवित परतला तो थेट तळघरात. दुपारपर्यंत बाटल्या भरायच्या होत्या. पट्ट्यांची डबी त्याच्या हातापासून वीतभर लांब. वीतभर, मित्रांनो! त्याने माझ्या पोटावरची तारीख वाचली. "पाच आठवडे. चालेल." दिवा मिणमिणता, त्यात घाई, मी काठोकाठ कसा भरलो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. ढवळल्यावर थोडा फेस आलाच, मेलेल्या फेसपाण्यालाही फेस येतो. मी काय करणार होतो? साठच्या साठ बाटल्या त्याने माझ्यात बुडवल्या. थाप मारायलाही विसरला.

बाटल्या दोन आठवडे मुरल्या, आणि आज सकाळी, संत फ्लोरियनच्या दिवशी, पहिली बाटली उघडली. फेस छताला लागला. चव व्हिनेगरसारखी. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. मग भांडण, आणि मग मला लाथ.

"साठ बाटल्या, आई," झेमोवित म्हणाला. आता आवाज चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट वाटत होतं. "अकरा वाजता घंटा होणार. ओल्गेर्दला काय तोंड दाखवू? परत 'गेनोवेफाचा जावई'."

बाई पायऱ्या उतरल्या. बाटली हुंगली. मग वाकून मला सरळ केलं आणि आत पाहिलं. बाटल्या बुडवून उरलेलं दोन बोटं पाणी लाथेनंतरही माझ्यात होतं, कारण माझं झाकण अजून घट्ट बसतं, कुणाला कौतुक असो नसो.

"ती पट्टी की काय ती, लाव बघू."

त्याने बुडवली. पिवळी. मग त्याने एका कपात दुकानातलं पाणी घेतलं, औषधाचा थेंब टाकला, नवी पट्टी बुडवली. लाल. बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बराच वेळ पाहिल्या.

"मी वर मीठ पण टाकलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"मीठ?" झेमोवितला हसू आलं की रडू, मला कळलं नाही. "आई, मीठ कशाला?"

"काकड्या नरम पडू नयेत म्हणून."

"काकड्या नव्हत्याच आई त्यात!"

"ते आता कळलं ना मला! ओरडतोस काय!"

मग त्यांनी बरण्यांवर लिहायचा काळा पेन घेतला आणि माझ्या पोटावर, त्याच्या तारखेच्या वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काकडी नाही'.

"उचल हा डबा."

"कुठे?"

"बंबखान्यात. दर वर्षी माझ्या काकड्या खाऊन बोटं चाटतात ना तिथे? आज माझं ऐकूनही घेतील. बिअर मी बिघडवली. सगळ्यांसमोर सांगते."

"पट्टी मी बघितली नाही, आई."

"ते तू सांग. माझं मी सांगते. आणि ओल्गेर्द हसला तर याच्यातलं पाणी त्याच्या टोपीत ओतते."

झालं यांचं. मला 'चुकलं' म्हणालं का कुणी? नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. ठेवलेलं पुन्हा वापरा, जरूर वापरा, पण वापरण्याआधी त्याच्याकडे एकदा बघा. आत काय आहे ते वर लिहा, आणि घरातल्या माणसांना तोंडानेही सांगा. आणि स्वतः विसरलात तर भांड्याला लाथ घालू नका. भांडं तेवढंच सांभाळतं, जेवढं तुम्ही...

घंटा झाली. कडीत हात घातलाय बाईंनी, चांगला रुमाल बांधलाय डोक्याला. पाणी हिंदकळतंय. मला निघायला हवं.