चौदाव्या कडव्याआधी

चुलीवरच्या किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे मोनी काकूंनी माझ्याकडे मान वळवली. मला दारात उभं राहून चांगली पाच मिनिटं झाली होती.

"गाणं नेलंस. आता काय, चूल न्यायला आलीस?"

"पाव आणलाय, काकू. काकवीचा."

"ठेव तिथे. आणि पोरीचे बूट काढ आधी, जमीन आत्ताच पुसलीय."

पाच वर्षांच्या माझ्या एल्सीने बूट काढले. फॉन्स काका चुलीजवळच्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. येत्या गुरुवारी त्यांचा मुलगा दोघांना सेंट जॉन्स शहरात नेणार होता, कायमचं. म्हणून तर मी आले होते. खाडीकाठचं हे गाव सोडण्याआधी काकांनी एकदा ते गाणं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते एकदा गायले की मी सुटले, असा माझा हिशेब. त्यांच्यासाठी आले, असं घरून निघताना मात्र स्वतःला सांगितलं होतं.

मी सहा वर्षांची असताना माझे वडील, म्हणजे काकांचा धाकटा भाऊ टिम, मासेमारीला गेले ते परत आले नाहीत. आमचं घर माणसांनी भरलं होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. काकांनी मला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि धुक्यात बुडालेल्या गलबताचं ते एकोणीस कडव्यांचं गाणं म्हटलं. त्यांच्या स्वेटरला डांबर आणि तंबाखूचा वास होता. अजूनही मला आधी तो वास आठवतो, मग चाल.

आमच्याकडे गाणं माणसाचं असतं. ते गाणं फॉन्स काकांचं, म्हणजे त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणी तोंडातून काढायचं नाही. गाणारा अडलाच, तर शेजारच्याने पुढचा शब्द हळूच सांगायचा. सांगायचा, गायचा नाही. आणि मग गप्प बसायचं, कितीही वेळ लागो. हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टात, चर्चच्या जत्रेत काका तेरावं कडवं संपवून थांबले. आदल्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. मला वाटलं, विसरले. पाद्री खाली मान घालून चहा ढवळत होता, बायका एकमेकींकडे बघत होत्या. मला काकांची दया आली. हा शब्द लिहिताना आजही हात आखडतो. मी उभी राहिले आणि चौदाव्यापासून शेवटपर्यंत गायले. चांगली गायले, हेच वाईट. टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या, टोपी घातली आणि घरी गेले. त्यानंतर त्यांच्या तोंडून एक ओळ कुणी ऐकली नाही. आणि मी लाजेने या घराची पायरी चढले नाही.

"काका," मी दिवाणाजवळ स्टूल ओढलं, "त्या दिवशी मी नुसता शब्द सांगायला हवा होता. चुकलं माझं."

"कसला शब्द?"

"तुम्ही विसरलात तो. चौदाव्या कडव्याचा."

काका सावकाश या कुशीवर वळले.

"विसरलो? मी? डॉट, चाळीस वर्षं म्हणतोय मी ते. बायकोचं नाव विसरेन एक वेळ."

"तेही विसरून झालंय परवा," काकू कपात दूध ओतत म्हणाल्या. "मला मार्गारेट म्हणालात."

काका हसले नाहीत. "चौदाव्यात तो पोरगा धुक्यातून भावाला हाक मारतो. तिथे मला टिम दिसतो. दर वेळी. मी थोडा थांबतो, त्याला जाऊ देतो, मग गातो. लोकांना वाटतं, म्हातारा दम घेतोय. त्या दिवशी तो लवकर जात नव्हता, एवढंच."

काकूंच्या हातातला चमचा थांबला. "हे बोलला नाहीत कधी."

"विचारलं कुणी?"

तरी मी म्हटलंच, "मग आता म्हणा ना, काका. इथे आपणच आहोत."

"म्हणून बघतो गं. मागच्या शेडमध्ये, एकटाच. तेराव्यापर्यंत नीट जातो. मग टिमची वाट बघत थांबतो, आणि तुझा आवाज सुरू होतो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला. टेबलापाशी बसलेल्या एल्सीने पावाचा घास गिळला आणि आधी काकांच्या पाठीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, आजोबा थांबले तेव्हा तू किती वेळ थांबली होतीस?"